रोजचे पस्तीस डॉलर : सिग्नल इंटरनॅशनल प्रकरणाचा अभ्यास

पास्कागुला हे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं समुद्रकाठचं गाव. जहाजं बांधणं, दुरुस्त करणं हा तिथला जुना धंदा. २००६ च्या अखेरीस तिथल्या एका यार्डात सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीने भारतातून आणलेल्या वेल्डर आणि पाइपफिटरांसाठी वस्ती उभी केली. कंटेनरसारख्या एकेका खोलीत चोवीसपर्यंत माणसं, एकावर एक खाटा, मोजके संडास, भोवती कुंपण, फाटकावर पहारा. या राहण्याजेवणाचे दिवसाला ३५ डॉलर, म्हणजे महिन्याला १,०५० डॉलर, पगारातून परस्पर कापले जात. कोणी बाहेर दुसरीकडे खोली घेतली तरी कापले जातच.

या प्रकरणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण कुंपणापासून आणि पहाऱ्यापासून सुरुवात करतात. मला या ३५ डॉलरपासून सुरुवात करावीशी वाटते. परदेशी कामगाराला व्हिसावर आणणाऱ्या मालकाची जबाबदारी नेमकी कुठून कुठपर्यंत, हा प्रश्न न्यायालयात सात वर्षं चालला आणि त्याचं उत्तर शेवटी हिशेबाच्या वहीतच सापडलं.

माणसं कुठून आणायची

सिग्नल इंटरनॅशनल ही अलाबामातल्या मोबील शहरातली कंपनी. समुद्रातल्या तेलविहिरींचे रिग दुरुस्त करणं हे तिचं मुख्य काम. मिसिसिपीतलं पास्कागुला आणि टेक्सासमधलं ऑरेंज, अशी दोन ठिकाणी तिची यार्डं होती. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना वादळ आलं, महिनाभरात रिटा आलं. मेक्सिकोच्या आखातातल्या रिगची मोडतोड झाली, म्हणजे कंपनीकडे काम भरपूर आलं. पण ते काम करणारी माणसं त्याच किनाऱ्यावर राहणारी होती. त्यांची घरं वाहून गेली, ती पांगली. उरलेल्यांना बांधकामवाले जास्त पैसे देऊन ओढत होते. कंत्राटदारामार्फत मिळणारे वेल्डर महाग पडू लागले.

अशा वेळी मिसिसिपीतला एक मजूर-पुरवठादार, न्यू ऑर्लिन्समधला एक इमिग्रेशन वकील आणि मुंबईतला एक भरती-एजंट, अशी साखळी कंपनीसमोर आली. माणसं भारतातून आणि आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांतून आणायची, व्हिसा एच-२बी. आणि कंपनीच्या दृष्टीने सगळ्यात गोड भाग असा, की भरतीचा खर्च तिने करायचाच नाही. तो कामगाराच्या खिशातून येणार होता.

तो आलाही. भारतात आणि संयुक्त अरब अमिरातीत वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या गेल्या. अमेरिकेत काम आणि कुटुंबासह कायमचं वास्तव्य, असा त्यांचा सूर होता. माणशी १० हजारांपासून २० हजार डॉलरपर्यंत रक्कम हप्त्याहप्त्याने घेतली गेली. तेव्हा डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, म्हणजे साडेचार लाखांपासून नऊ लाखांपर्यंत. २००६ साली एखाद्या वेल्डरच्या घरात एवढी रोकड कुठून असणार? जमीन विकली गेली, दागिने गहाण पडले, सावकाराचं कर्ज डोक्यावर आलं. कामगारांनी पुढे केलेल्या तक्रारीत असंही होतं, की शेवटचा हप्ता भरेपर्यंत पासपोर्ट एजंटकडेच होता, आणि विमानाच्या तोंडावर कागदांवर घाईघाईने सह्या घेतल्या गेल्या. मुंबईतून आखातात माणसं पाठवण्याची जी पद्धत सत्तरच्या दशकापासून रुळलेली आहे, तिच्याशी हे वर्णन शब्दाशब्दाला जुळतं. फरक एवढाच, की इथे दुसऱ्या टोकाला अमेरिकन न्यायालय होतं.

एका व्हिसावर दोन आश्वासनं

एच-२बी म्हणजे शेतीव्यतिरिक्तच्या तात्पुरत्या कामाचा व्हिसा. अमेरिकेत १९८६ साली जुन्या एच-२ चे दोन भाग झाले, शेतीसाठी एच-२ए आणि बाकीच्यांसाठी एच-२बी. वर्षाला ६६ हजारांची मर्यादा, सहामाहीला ३३ हजार. हा व्हिसा कामगार स्वतः मागू शकत नाही, मालकाने त्याच्यासाठी मागावा लागतो. मालक आधी कामगार खात्याकडे जातो आणि लिहून देतो, की माझी गरज तात्पुरती आहे, स्थानिक माणूस शोधला पण मिळाला नाही, आणि या कामाचा त्या भागातला प्रचलित पगार मी देईन. तिथून दाखला मिळाला की इमिग्रेशन खात्याकडे अर्ज. दोन्हीकडे सही मालकाची.

आता ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याचं, आश्वासन या कागदाशेजारी ठेवून बघा. ग्रीन कार्डासाठी मालकाला लिहून द्यावं लागतं, की ही जागा कायमची आहे. एकाच माणसाच्या एकाच खुर्चीबद्दल एका अर्जात ‘तात्पुरती’ आणि दुसऱ्यात ‘कायमची’ लिहिणं म्हणजे दोहोंपैकी एक अर्ज खोटा. नियमही तेव्हा तसाच होता : त्याच कामगारासाठी कायमस्वरूपी नोकरीचा अर्ज भरला, की एच-२बी ची मुदत वाढवायला खातं नकार देऊ शकत असे. एच-१बी वर अमेरिकेत गेलेल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे खटकेल, कारण एच-१बी वर असताना ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहता येतं. एच-२बी ला तेव्हा ती सवलत नव्हती. म्हणजे जाहिरातीतलं स्वप्न ज्या व्हिसावर विकलं जात होतं, त्याच व्हिसाने त्याचा रस्ता बंद केला होता. हे वेल्डरला माहीत नसणं समजू शकतं. वकिलाला माहीत नसणं शक्य नव्हतं.

आणि कंपनीला? कंपनीचं म्हणणं पुढे हेच राहिलं, की आम्हालाही फसवलं गेलं, एजंटांनी काय सांगून किती पैसे घेतले ते आम्हाला ठाऊक नव्हतं. तिने त्या तिघांवर उलट दावाही लावला.

हा बचाव मराठी वाचकाला नवा नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडहून टोळ्या निघतात तेव्हा कारखाना मुकादमाशी करार करतो, मुकादम मजुराला उचल देतो, आणि काही वावगं घडलं की कारखाना म्हणतो, मजूर आमचा नाहीच, मुकादमाला विचारा. सिग्नल प्रकरणात पैशाची दिशा उलटी होती, इथे मजुरानेच मुकादमाला आगाऊ रक्कम दिली होती. पण गाठ तीच. कर्ज फिटेपर्यंत माणूस कामावरून हलत नाही, आणि कर्ज कोणाचं हे विचारलं की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो.

पगार चांगला होता, तरीही

ऑक्टोबर २००६ पासून पुढच्या काही महिन्यांत सुमारे ५०० कामगार आले. पगार ताशी १८ डॉलरच्या घरात. तेव्हाचं अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन ताशी ५.१५ डॉलर होतं, त्यामुळे कोणी म्हणेल, तिप्पट पगार घेणाऱ्या माणसाला वेठबिगार कसं म्हणायचं? खटल्यात हा मुद्दा आलाच. त्याचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. हा हिशेब मी मांडलेला आहे, कोणा एका कामगाराचा नव्हे.

महिन्याला १७३ तास धरले, तर १८ च्या दराने ३,११४ डॉलर होतात. त्यातून छावणीचे १,०५० गेले. कर वगैरे ४५० धरा. उरले १,६०० च्या आसपास. घरी खर्चाला ४०० पाठवले. कर्ज १५ हजार डॉलरचं आणि व्याज महिना दोन टक्के, म्हणजे ३०० व्याजातच गेले. मुद्दलाकडे वळायला ९०० उरतात. व्याज थोडं उतरत जाईल हे धरलं तरी कर्ज फिटायला चौदा-पंधरा महिने लागतात. व्हिसा दहा महिन्यांचा होता.

ओव्हरटाइम मिळाला तर गणित थोडं सुधारतं. काम थांबलं, दंड बसला, आजारपण आलं, तर पार बिघडतं. या गणितातला सगळ्यात मोठा आणि मालकाच्या हातात असलेला आकडा कोणता? तेच ३५ डॉलर. कापलेली रक्कम वाजवी आहे का, ती कामगाराच्या सोयीसाठी आहे की मालकाच्या, ती नाकारण्याची मुभा आहे का, हे तीन प्रश्न कोणत्याही पगारपत्रकाला विचारावेत असे आहेत. इथे तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ होतं. शिवाय छावणीची सक्ती भारतीयांपुरतीच होती, त्याच यार्डात काम करणाऱ्या इतरांवर ती नव्हती. यातूनच अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने २०११ साली वंश आणि मूळ देश यांवरून भेदभाव केल्याचा स्वतंत्र दावा कंपनीवर लावला.

९ मार्च २००७ ची पहाट

छावणीत लोक बोलू लागले होते. ग्रीन कार्डाचं काय झालं, जेवण असं का, चोवीस जण एका खोलीत का. एका स्थानिक कामगार संघटनेशी काहींचा संपर्क झाला, बैठका होऊ लागल्या. कंपनीने पुढाकार घेणाऱ्यांना हेरलं. ९ मार्चला पहाटे पहारेकरी छावणीत शिरले, पुढाकार घेणाऱ्यांतल्या काही जणांना ताब्यात घेऊन एका खोलीत ठेवलं, आणि सामान बांधा, तुम्हाला भारतात परत पाठवतो आहोत, असं सांगण्यात आलं. त्यांच्यातल्या एकाने आत्महत्येचा प्रयत्न केला. तो वाचला. बाकीचे कामगार जमा झाले, फाटकाबाहेर कार्यकर्ते आणि बातमीदार आले, आणि परत पाठवण्याचा बेत बारगळला.

या घटनेतला एक तपशील नोकरीचं कामकाज पाहणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने पुढे जबानीत सांगितलं, की आधी कल्पना न देता या माणसांना थेट विमानतळावर नेण्याचा सल्ला इमिग्रेशन खात्याच्या माणसाकडूनच मिळाला होता. तो खरा असेल असं धरून चालू. त्याने कंपनी सुटली नाही. सरकारी माणसाने फोनवर दिलेला सल्ला म्हणजे कायद्याचं कवच नव्हे. शिवाय मालकाच्या हातात काय असतं हेही त्या पहाटे उघडं पडलं. कामावरून काढणं हा मालकाचा हक्क आहे. पण ज्याचा देशात राहण्याचा आधारच ती नोकरी आहे, त्याला काढणं आणि देशाबाहेर घालवणं यांत फारसं अंतर उरत नाही. त्या काळी एच-२बी कामगाराची नोकरी गेली की त्याला अमेरिकेत थांबायला सवलतीचे दिवसही नव्हते.

एक वर्षाने, मार्च २००८ मध्ये, शंभरेक कामगारांनी पास्कागुलाच्या यार्डासमोर आपली हेल्मेटं फेकली आणि काम सोडलं. लगेच न्यू ऑर्लिन्सच्या केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाला. मग काही जण न्यू ऑर्लिन्सहून वॉशिंग्टनकडे निघाले, बरंचसं अंतर पायी. या मोर्चाला त्यांनी सत्याग्रह म्हटलं. वॉशिंग्टनला भारतीय राजदूतांना भेटले, नंतर उपोषणही केलं. मिसिसिपीच्या हमरस्त्याने चालणारे केरळ, तमिळनाडू आणि उत्तर भारतातले वेल्डर, आणि तोंडी गांधींचा शब्द. तिथल्या बातमीदारांना हे नवलाचं वाटलं यात नवल नाही.

कोणत्या कायद्याने पकडायचं

हा भाग वकिली आहे, पण प्रकरणाचं मर्म इथे आहे.

सरळ वाट किमान वेतनाच्या कायद्याची. कामगाराने मालकाच्या फायद्यासाठी केलेला खर्च, जसं की व्हिसा आणि प्रवास, पहिल्याच आठवड्याच्या पगारातून वजा करून पाहायचा आणि उरलेली रक्कम किमान वेतनाखाली गेली तर फरक मालकाने भरायचा. फ्लोरिडातल्या शेतमजुरांच्या खटल्यात २००२ साली एका अपील न्यायालयाने हे मान्य केलं होतं. पण लुइझियाना, मिसिसिपी, टेक्सास ज्या पाचव्या सर्किटच्या, म्हणजे प्रादेशिक विभागाच्या, अपील न्यायालयाखाली येतात, त्याने २०१० मध्ये नेमका उलटा निकाल दिला. तोही कॅटरिनानंतर न्यू ऑर्लिन्सच्या हॉटेलांत आणलेल्या एच-२बी कामगारांच्याच खटल्यात. किमान वेतनाच्या कायद्याखाली एच-२बी मालकाला तो खर्च परत देण्याची सक्ती नाही, असं ठरलं. म्हणजे ती वाट याच प्रदेशात जवळपास बंद झाली.

दुसरी वाट मानवी तस्करीविरोधी कायद्याची. हा २००० सालचा. पीडिताला स्वतः दिवाणी दावा लावण्याचा हक्क २००३ मध्ये मिळाला. सक्तीची मजुरी ठरायला त्यात बेड्या लागत नाहीत. गंभीर नुकसानीची धमकी किंवा कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर करून कोणाकडून काम करवून घेतलं, तर पुरे. कर्जात बुडालेल्या माणसाला ‘परत पाठवू’ म्हणणं ही धमकी होते का? लाखो रुपयांचं कर्ज, गहाण जमीन आणि दोन वाक्यांची ती सूचना एकत्र ठेवली, तर धमकीच होते. ज्युरीनेही तेच मानलं.

पण तिथवर पोचायला वेळ लागला. २०१२ मध्ये न्यायाधीशांनी सगळ्या कामगारांचा मिळून एकच सामूहिक दावा चालवायला नकार दिला. प्रत्येकाला काय सांगितलं, त्याने किती पैसे दिले, कशावर विसंबून दिले, हे वेगवेगळं तपासावं लागेल, असं त्यामागचं कारण. पाचशे माणसांचा एक खटला संपला. मग सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने मोठमोठ्या वकिली कंपन्यांना फी न घेता उभं केलं आणि दोनशेहून अधिक कामगारांच्या वतीने वेगवेगळे दावे लागले. सामूहिक दावा फेटाळला जाणं हा कंपनीला तेव्हा विजय वाटला असेल. प्रत्यक्षात एकाऐवजी डझनभर आघाड्यांवर लढायची वेळ आली.

पहिल्या पाच कामगारांचा खटला जानेवारी २०१५ मध्ये ज्युरीसमोर उभा राहिला. १२ फेब्रुवारीला निकाल आला : पाच जणांना मिळून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर. कंपनी तर दोषी ठरलीच, न्यू ऑर्लिन्सचा वकील आणि मुंबईचा एजंटही ठरले. सक्तीची मजुरी, फसवणूक, भेदभाव, सगळं त्यात आलं.

‘एजंटने केलं, आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव टिकला नाही. कामगारांनी किती पैसे भरले हे एखाद्या मालकाला पहिल्या दिवशी माहीत नसेल. पण तेच कामगार छावणीत रोज बोलत होते. कळल्यावर कंपनीने काय केलं? पैसे परत मिळवून दिले नाहीत, ३५ डॉलर कापणं थांबवलं नाही, विचारणाऱ्यांना पहाटे उठवलं. माझ्या मते कंपनीला भोवलं ते हे, भरतीच्या वेळचं अज्ञान त्यापुढे किरकोळ ठरलं.

आज मालकाने काय करायचं

सिग्नलच्या काळात नियमांत जी भगदाडं होती, त्यांतली बरीचशी नंतर बुजवली गेली. त्यांतल्या काहींवर या प्रकरणाची सावली स्पष्ट दिसते.

पहिला बदल पैशाचा. डिसेंबर २००८ मधल्या नियमाने एच-२ कामगाराकडून नोकरी लावून देण्याची फी घेण्यावर बंदी आली, आणि मालकाला ते माहीत होतं ‘किंवा माहीत असायला हवं होतं’ एवढं पुरेसं ठरलं. हे शेवटचे चार शब्द सगळ्या नियमाचा प्राण आहेत. डोळे मिटून बसणं हा आता बचाव नाही. जानेवारी २०२५ पासून हे आणखी कडक झालं. फी घेतल्याचं आढळलं तर अर्ज फेटाळण्यावर न थांबता मालकाला ठरावीक काळ नवे अर्ज करण्यापासूनही रोखता येतं, आणि पुढच्या काळात घेतलेले पैसे परत केल्याशिवाय वाट मोकळी होत नाही.

दुसरा, एप्रिल २०१५ चा नियम, सिग्नलचा निकाल लागल्यावर दोनच महिन्यांनी आलेला. मालकाने आपल्या प्रत्येक एजंटचं आणि त्या एजंटने खाली नेमलेल्या माणसांचं नाव सरकारला द्यायचं, करारांच्या प्रती जोडायच्या, आणि कामगाराकडून पैसे घेणार नाही हे कलम त्या करारात घालायचं. मुंबईतला उपएजंट कोण, गावातला दलाल कोण, हे मालकाला आता विचारावंच लागतं. व्हिसाचा खर्च पहिल्या आठवड्यात परत द्यायचा. निम्मी मुदत काम केलं की येण्याचं भाडं मालकाचं, मुदत पूर्ण केली किंवा मालकानेच आधी काढलं तर परतीचंही. कबूल केलेल्या तासांपैकी किमान तीन चतुर्थांश तासांचं काम किंवा तेवढा पगार द्यायचाच. पगारातून काय कापणार ते कामाच्या मूळ कागदात आधीच लिहिलेलं हवं, आणि तो कागद कामगाराला समजेल अशा भाषेत, व्हिसासाठी अर्ज करण्याआधी हातात पडायला हवा. विमानतळावर सही घेण्याची पद्धत त्यात बसत नाही. पासपोर्ट काढून घेणं, तक्रार करणाऱ्यावर सूड उगवणं, या दोन्हींवर उघड बंदी आहे.

तिसरा बदल कामगाराच्या बाजूने, आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. जानेवारी २०२५ पासून एच-२ कामगाराची नोकरी सुटली तर त्याला साठ दिवसांपर्यंत सवलत मिळते, आणि नव्या मालकाने अर्ज भरला की निकालाची वाट न पाहता तिथे काम सुरू करता येतं. ९ मार्चच्या पहाटे एवढी एक सोय असती, तर ‘परत पाठवू’ या शब्दांत अर्धीही ताकद उरली नसती.

आयटीवाल्यांसाठी एक कंस इथेच उघडतो. एच-१बी च्या नियमांचं पुस्तक वेगळं आहे, पण गाभा फार लांबचा नाही. अर्जाची फी आणि वकिलाचा खर्च मालकाचा, तो पगारातून वळता करता येत नाही. काम नाही म्हणून ‘बेंच’वर बसवलं तरी पगार चालू ठेवायला लागतो. मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च मालकाने द्यायचा आणि इमिग्रेशन खात्याला कळवायचं, ते न कळवल्यास पगाराची जबाबदारी चालूच राहते असं धरलं जाऊ शकतं. व्हिसाच्या प्रकारातही मालकाने चलाखी करू नये. इन्फोसिसने बिझनेस व्हिजिटरच्या बी-१ व्हिसाच्या वापरावरून ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकन सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली होती, आरोप नाकारत का होईना. मोठं नाव, बडे वकील, तरीही.

मुंबईचं टोक

भारताच्या बाजूने पाहिलं तर चित्र थोडं विरळ आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला परवाना लागतो. त्याने कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला आज ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नऊ लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा. पण उत्प्रवासन अधिकाऱ्याची मंजुरी लागते ती ईसीआर (उत्प्रवासन तपासणी आवश्यक) शिक्क्याचा पासपोर्ट घेऊन ठरावीक देशांत, मुख्यतः आखातात, जाणाऱ्यांना. अमेरिका त्या यादीत नाही. म्हणजे कुवेतला जाणाऱ्या वेल्डरचे कागद कोणीतरी सरकारी माणूस बघतो, मिसिसिपीला जाणाऱ्याचे बघत नाही. अमेरिका म्हटलं की सगळं कायदेशीरच असणार, असा आपला एक भाबडा समज आहे. तो या फटीत नेमका अडकतो.

२००८ च्या कायद्यानंतर अमेरिकन वकिलातीतून कामाच्या व्हिसाच्या अर्जदाराला हक्कांची एक पुस्तिका मिळते. ती बहुतेक जण बॅगेत टाकून विसरतात. तिच्यात तस्करीविरोधी मदतक्रमांक असतो, आणि पासपोर्ट आपल्याजवळ ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिलेला असतो. वाचायला फार वेळ लागत नाही.

पुढे काय झालं

निकालानंतर पाच महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये, सिग्नलने डेलावेअरमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. त्याच वेळी उरलेल्या खटल्यांसह सगळ्या दाव्यांची २ कोटी डॉलरची तडजोड झाली. पाच जणांना जाहीर झालेली रक्कम त्यातच विरघळली. कंपनीने कामगारांची जाहीर माफी मागितली. डिसेंबरमध्ये रोजगार आयोगाचा दावाही ५० लाख डॉलरवर मिटला, ४७६ कामगारांसाठी. तो भागिला तर माणशी १० हजार डॉलरच्या थोडं वर येतो, म्हणजे जवळपास तेवढेच, जेवढे कमीतकमी भरून ही माणसं मुंबईहून निघाली होती. मधली नऊ वर्षं त्यात धरलेली नाहीत.

आणि ग्रीन कार्ड? तस्करीच्या पीडितांसाठी अमेरिकेत टी नावाचा व्हिसा आहे. त्यावर बायकामुलांना बोलावता येतं आणि साधारण तीन वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. सिग्नलच्या अनेक कामगारांना तो मिळाला, त्यांची कुटुंबं अमेरिकेत आली. २००६ च्या जाहिरातीत जे कबूल केलं होतं, कुटुंबासह कायमचं वास्तव्य, ते त्यांना मिळालं. मात्र त्यासाठी आधी हे सिद्ध करावं लागलं, की ते आश्वासन देऊन आपली तस्करी झाली होती.